दहा पानं कमी

शिमुलहाटच्या जिल्हा कोर्टात भैरवचंद्र तर्कभूषण सतरा वर्षं पंडिताच्या जागेवर बसले होते, आणि या सतरा वर्षांत ‘माहीत नाही’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणीही ऐकले नव्हते. बायकोनंसुद्धा नाही. पोखरणीच्या तळ्यातला रुई मासा आज किती शेराचा निघेल असं तिनं विचारलं तरी ते चिमूटभर तपकीर ओढायचे, शिंकायचे आणि आकडा सांगायचे. मासा कमीजास्त भरला, तर चूक माशाची.

कोर्टातही हीच रीत. हिंदूंच्या वाटणीचा, दत्तकाचा, सोवळ्याओवळ्याचा तंटा आला की थॉर्नबी साहेब कपाळाचा घाम पुसत म्हणायचा, “पंडिताला विचारा.” मग तर्कभूषण तपकिरीची डबी काढत. सगळं कोर्ट श्वास रोखून बसे. शिंक आली की कारकून दौतीत लेखणी बुडवायचा, कारण शिंकेपाठोपाठ निकाल येणार हे ठरलेलं. कागदावर वर ‘श्रीदुर्गा’, खाली चार संस्कृत ओळी आणि त्याखाली तर्कभूषणांची सही. त्या कागदाला म्हणायचं व्यवस्था. साहेब तीवर मान डोलावायचा आणि कुणाची तरी जमीन इकडची तिकडे व्हायची.

साहेबाला ‘पंडित’ हा शब्द फार आवडला होता. इतका, की तो त्याच्या घरभर पसरला. घोड्याची नाल बघणारा तो घोड्याचा पंडित. खानसामा रश्शाचा पंडित. मडमेचा न्हावी आला तेव्हा साहेब बागेतून ओरडला, “केसांचा पंडित आला!” तर्कभूषण तेव्हा फाटकातच उभे होते. त्या दिवशी त्यांनी नदीवर दोनदा अंघोळ केली.

“तुमच्या नावाचा न्हावी झाला म्हणे,” हैमवती म्हणाली. त्यांची बायको. जेवण वाढताना टोचायचं, हा तिचा नेम.

“नाव माझं नाही. पदवी आहे ती.”

“मग पदवीचा न्हावी झाला. भात घालू?”

या थॉर्नबी साहेबापाशी तांबड्या कातड्याची एक जाड वही होती. इकडचे शब्द तो तीत टिपायचा. लंडनमधला त्याचा कुणी दोस्त मोठा कोश करत होता, त्याला ती वही जायची होती. एका सकाळी त्यानं तर्कभूषणांनाच गाठलं.

“पंडित, सांग, पंडित म्हणजे काय?”

तर्कभूषण खुलले. “पंडा म्हणजे बुद्धी, साहेब. बाजारात भाव करायला लागते ती नाही. जगात आहे काय आणि नाही काय, हे ज्या बुद्धीला नेमकं वेगळं करता येतं ती पंडा. ती ज्याच्यापाशी असते तो पंडित.”

“आणि कधी वेगळं करता आलं नाही तर?”

“असं होत नाही,” तर्कभूषण म्हणाले, आणि शिंकले.

साहेबानं बराच वेळ काहीतरी लिहिलं. नेमकं काय लिहिलं ते दाखवलं मात्र नाही.

ही त्या फाल्गुनातली गोष्ट. त्याच फाल्गुनात दुर्लभचंद्र मैत्राचं प्रकरण आलं.

दुर्लभ मैत्र मिठाच्या नावेवर चट्टग्रामकडे गेला तो परतलाच नव्हता. पत्र नाही, निरोप नाही. बारा वर्षं उलटली. मग त्याचा धाकटा चुलतभाऊ रासमोहन यानं कोर्टात अर्ज टाकला, की शास्त्राप्रमाणे दुर्लभदा मेलेला धरावा, त्याचं और्ध्वदेहिक करू द्यावं आणि त्याच्या वाट्याची जमीन आपल्याला मिळावी. साहेब म्हणाला, पंडिताला विचारा. तर्कभूषण शिंकले. बारा वर्षं बेपत्ता माणसाचं पळसाच्या पानांचं शरीर करावं, ते विधीनं जाळावं, आणि जळालं की माणूस मेला. शास्त्रात आहेच तसं. सही.

पानं लागतात तीनशे साठ. डोक्याला चाळीस, मानेला दहा, हातांना शंभर, हाताच्या बोटांना दहा, असं पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं मोजून लावलेलं. पण फाल्गुनात पळस म्हणजे नुसती लाल फुलं. पानं झडून गेलेली असतात. रासमोहनची माणसं तीन दिवस रानोमाळ भटकली, तेव्हा कुठे बरोबर तीनशे साठ पानं जमली. एक जास्त नाही.

घाटावर दर्भाची बाहुली मांडली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. तर्कभूषण मंत्र म्हणत एकेक पान लावत होते. साहेब घोड्यावर बसून बघत होता. उन्हानं त्याचं नाक उकडलेल्या कोळंबीसारखं झालं होतं. दर दोन मिनिटांनी तो विचारायचा, “झालं, पंडित?” दुर्लभची बायको निस्तारिणी लांब, पिंपळाखाली बसली होती. हातातल्या शंखाच्या बांगड्या, सवाष्णीची खूण, अजून फोडलेल्या नव्हत्या. ती रडत नव्हती. पानांकडे मात्र एकटक बघत होती.

तर्कभूषण बाहुलीच्या पायांची पानं लावून वळले तेवढ्यात मागे करकर असा आवाज आला. रासमोहनची काळी शेळी दावं तोडून आली होती. हाताच्या बोटांना शेवटी लावायची म्हणून बाजूला काढून ठेवलेली दहा पानं तिच्या तोंडात होती. तिनं तर्कभूषणांकडे शांतपणे पाहिलं आणि गिळलं.

“झालं, पंडित?”

तर्कभूषणांनी इकडेतिकडे पाहिलं. शेळीखेरीज साक्षीदार दिसला नाही. सगळे साहेबाच्या टोपीकडे बघत होते. आता पानं आणायची कुठून? पुढचा मुहूर्त दीड महिन्यानं. आणि साहेबासमोर, साऱ्या गावासमोर म्हणायचं काय, की पंडिताच्या नाकाखालून माणसाची बोटं शेळीनं खाल्ली?

“झालं,” ते म्हणाले. “तीनशे साठ. पूर्ण.”

अग्नी लागला. पिंपळाखाली बायकांनी निस्तारिणीच्या शंखाच्या बांगड्या फोडल्या, भांगातला शेंदूर पुसला. त्या दिवसापासून पांढरं लुगडं, एक वेळ अळणी भात, मासा वर्ज्य आणि एकादशीला पाण्याचा थेंबही नाही. ती तेवीस वर्षांची होती तेव्हा नवरा गेला आणि पस्तिसाव्या वर्षी तो मेला.

*

दोन वर्षांनी चैत्रात, भर दुपारी, कोर्टाच्या ओसरीवर एक माणूस येऊन बसला. ऊन असं, की कुत्रीसुद्धा विहिरीच्या कठड्याला चिकटून पडलेली. हा मात्र उन्हात बसून कुडकुडत होता. खांद्यावर ब्रह्मी लुंगीचं फडकं, दाढी छातीपर्यंत. चपराशानं हटकायला त्याचा दंड धरला आणि किंचाळून हात सोडला. “बापरे! रांजण आहे हा, माणूस नाही!”

तर्कभूषण बाहेर आले. माणसानं त्यांच्याकडे वर पाहिलं.

“पंडितमशाय, नमस्कार. मी दुर्लभ. हरनाथ मैत्रांचा.”

आतून साहेब आला, कारकून आले, रासमोहन कुठल्या तरी कामासाठी आलेला होता तोही आला आणि खांबाला धरून मटकन बसला. दुर्लभ आपली हकिकत सांगू लागला. नाव वाहून आराकानला लागली. तिथल्या राजाच्या माणसांनी धरून हत्तीखान्यात कामाला लावलं. लढाई झाली, राजा हरला, हत्ती पळाले, मग हाही सुटला.

“एवढंच असतं तर मी सरळ घरी गेलो असतो,” तो म्हणाला. “पण दोन वर्षांपूर्वी, फाल्गुनात, एका दुपारी हत्तीला गवत घालत होतो आणि अंगातली ऊब गेली. आधी डोक्यातली, मग मानेतली. कुणीतरी एकेक दिवा फुंकावा तशी. तेव्हापासून आगीजवळ बसलो तरी अंग तापत नाही. छातीत ठोके पडत नाहीत. भात तोंडात घातला की तोंडातच गार होतो. फक्त ही एवढी शिल्लक राहिली.”

त्यानं दोन्ही हात पुढे केले. थॉर्नबी साहेबानं आधी मनगट चाचपलं आणि झटकन सोडलं. मग बोटं. बोटं गरम होती. तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीसारखी गरम.

“तुम्ही मला मारलंत हे घाटावर उतरल्यावर कळलं. ते चालेल,” दुर्लभ म्हणाला, “शास्त्रात असेल तर मारावंच. पण ही दहा कशी राहिली, ते तेवढं सांगा. तेच विचारायला आलोय.”

सगळं कोर्ट तर्कभूषणांकडे बघू लागलं. त्यांनी डबी काढली. पहिली चिमूट ओढली, शिंक आली नाही. दुसरी ओढली, तरी नाही. तिसरीला कशीबशी आली, मांजराच्या पिल्लासारखी.

“मेलेला धरलेला माणूस परत आला,” ते म्हणाले, “तर त्याला पुन्हा जन्माला घालावं. तुपाच्या कुंडात बुडवून काढावं. मग जातकर्म, नाव ठेवणं, उष्टावण, मुंज, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न. सगळं ओळीनं. की तो जिवंत.”

“आणि बोटं?” साहेबानं विचारलं.

“प्रवासाची उष्णता,” तर्कभूषण म्हणाले. “उतरेल.”

साहेब बेहद्द खूश झाला. त्यानं वही मागवली. रासमोहननं हरकत घेतली, हा कुणी तोतया आहे म्हणून. साहेब म्हणाला, पंडित याला जन्म देऊ दे, मग मी बघतो. जन्मला तर जमीन त्याची.

*

निस्तारिणी दुसऱ्या दिवशी तर्कभूषणांच्या दारात आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. अंगणाच्या कडेलाच बसली. विधवेनं शुभकार्याच्या आधी वर येऊ नये म्हणून. हैमवतीनं तिला हाताला धरून वर आणलं.

“ठाकूर, मी त्यांचे हात धरले,” निस्तारिणी म्हणाली. “बाकीचं अंग गार आहे. बोटं तीच. सुपारी कातरताना अंगठ्याला झालेला घट्टासुद्धा तोच. मला एकच विचारायचंय. त्या दिवशी मी पिंपळाखालून पानं मोजत होते. शेवटी माझा गोंधळ झाला, शेळी मधे आली. पानं पूर्ण होती ना?”

तर्कभूषणांच्या समोर पोथी उघडी होती. त्यांनी एक पान उलटलं. मग ते परत उलटलं.

“पूर्ण होती.”

“कारण ती कमी असतील, आणि आपण सगळाच माणूस पुन्हा जन्माला घातला, तर...”

“तर काय?”

“मला कुठे शास्त्र कळतं. तुम्हालाच माहीत.”

“पूर्ण होती,” तर्कभूषण पुन्हा म्हणाले. “तू लग्नाची तयारी कर, पोरी.”

ती गेली. हैमवती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, हातात पळी.

“तुमचे कान लाल झालेत,” ती म्हणाली.

“ऊन आहे.”

“घरात?”

*

वैशाखातल्या मुहूर्तावर मैत्रांच्या अंगणात तुपाचं कुंड मांडलं. तूप साऱ्या गावातून गोळा केलेलं, म्हणून त्यात तीन-चार वास. माणसं गच्चीवर, भिंतीवर, आंब्याच्या झाडावर. साहेब खुर्ची घेऊन आला होता, मांडीवर तांबडी वही. दुर्लभला मुंडन करून, लंगोट नेसवून कुंडात उतरवलं. तूप त्याच्या गार अंगाला लागलं तसं जागच्या जागी थिजू लागलं. त्याच्याभोवती पांढरी साय धरली आणि तो मेणाच्या मूर्तीसारखा दिसू लागला. कुणी हसेना.

तर्कभूषणांनी मंत्र म्हटले. त्याचं डोकं तीनदा आत दाबलं, तीनदा वर काढलं.

“रड,” ते म्हणाले.

“काय?”

“जन्मलेलं मूल रडतं. रडल्याशिवाय जन्म पुरा होत नाही.”

“या वयात? लोकांसमोर?”

“रड म्हणतो ना!”

दुर्लभनं ‘अँ’ केलं. तर्कभूषणांनी मान हलवली, चालणार नाही. तेव्हा हैमवती गर्दीतून पुढे आली आणि तिनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की तो खरंच कळवळून रडला. अन् त्याच क्षणी त्याच्या डोक्यावरचं तूप वितळून घळाघळा खाली आलं. गालांवर लाली चढली. बायकांनी उलुध्वनीचा मंगल गजर सुरू केला, शंख वाजले. दुर्लभ हसत होता, रडत होता, छातीवर हात ठेवून ओरडत होता, “वाजतंय! वाजतंय गं!”

मग त्यानं दुसरा हात तुपातून वर काढला आणि उलुध्वनी मधेच तुटला.

त्याची पाच बोटं होती तशीच होती. त्यांच्यामधल्या बेचक्यांतून आणखी पाच आली होती. गुलाबी, मऊ, सुरकुतलेली, तान्ह्या मुलाची. नखं तांदळाच्या कण्यांएवढी. दुर्लभनं दुसरा हात छातीवरून काढून पाहिला. तिथेही पाच. ती हळूहळू उघडत होती आणि मिटत होती. त्यांचा त्याच्याशी काही संबंध नसल्यासारखी.

आंब्यावरून दोन माणसं खाली पडली. साहेब खुर्चीवरून उठला आणि वही छातीशी धरून उभा राहिला.

“पंडित,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “हे शास्त्रात आहे?”

 सगळ्या अंगणात तर्कभूषणांना एकटीची नजर दिसली. निस्तारिणी नवी साडी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं ती साडी घडी करून बाजूला ठेवली.

मुंज झाली नाही, लग्न झालं नाही. वीस बोटांच्या हातांवर पाणी सोडायचं कसं, हे कुणालाच कळेना. निस्तारिणीचं पांढरं लुगडं तसंच राहिलं, अळणी भात तसाच राहिला.

*

ती बोटं वाढेनात आणि गळेनात. ती तान्हीच होती आणि तान्ह्या मुलासारखी वागायची. जवळ येईल ते धरायची आणि सोडायची नाहीत. दुर्लभ घास उचलायचा तर ती भातात मूठ आवळून बसायची. दार लावायला गेला तर कडी धरून ठेवायची, सोडवायला तासभर. शेजारणीचा पदर धरला तेव्हा केवढा गहजब झाला. तो बिचारा हात पाठीशी बांधून दारात बसायचा. भर दुपारी गल्ली सामसूम असली, की त्याच्या पाठीमागून बाळानं ओठ चोखावेत तसा बारीक आवाज यायचा. बोटांना तोंड नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोकांनी त्या गल्लीतून जाणं सोडलं.

रासमोहनला मात्र बळ आलं. त्यानं नवा अर्ज दिला. माझ्या दुर्लभदाला दहा बोटं होती, अख्खं गाव साक्ष देईल. या इसमाला वीस आहेत. सबब हा दुर्लभदा नव्हे. हा कुणी मांत्रिक तोतया आहे, याला तुरुंगात टाकावं.

साहेबानं तारीख दिली आणि शेरा मारला, पंडिताला विचारा.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी तर्कभूषणांना जेवण गेलं नाही. हैमवती पाट घेऊन समोर बसली.

“काय लिहिणार?”

“शास्त्र बघतोय.”

“शास्त्रात शेळी आहे का?”

त्यांनी चमकून वर पाहिलं.

“मी पण होते घाटावर,” ती म्हणाली. “पाण्यात उभी होते. तुमच्या तोंडाकडे मला कधी बघावं लागत नाही, कान बघितले की पुरतं. शेळी रवंथ करत होती आणि तुमचे कान पळसाच्या फुलासारखे झाले होते. दोन वर्षं गप्प बसले, म्हटलं मेलेल्याच्या बोटांना कोण विचारतंय. आता त्या पोरीचं काय?”

“मी चुकलो म्हटलं तर आजवरच्या सगळ्या व्यवस्था उघड्या पडतील. लोक म्हणतील, आमच्याही वेळी शेळी असेल. जागा जाईल. नाव जाईल.”

“नाव तर न्हाव्यानं कधीच नेलं,” हैमवती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

*

दुसऱ्या दिवशी कोर्टात पाऊल ठेवायला जागा नव्हती. साहेबाच्या टेबलावर एक टपालाची थैली होती. तांबडी वही तीत घालून, लाख लावून झाली होती. कलकत्त्याला जहाज लागलं होतं आणि घाटावर साहेबाची नाव तयार होती. चपराशी थैली घेऊन निघाला, तेव्हा साहेब तर्कभूषणांना प्रेमानं म्हणाला, “पंडित, तुझा शब्द विलायतेला चालला. मी छान अर्थ लिहिलाय. कुठल्याही गोष्टीवर पक्कं सांगणारा. कधीही न अडणारा.”

दुर्लभ समोर उभा होता, हात पाठीशी बांधलेले. निस्तारिणी पडद्याआड. रासमोहननं आपली शेळीसुद्धा बाहेर चिंचेला बांधली होती. कोर्टातून परस्पर बाजारात विकायची होती.

“पंडित,” साहेब म्हणाला, “हा माणूस तोच आहे की नाही?”

तर्कभूषण उठले. रात्रभर जागून त्यांनी दोन व्यवस्था तयार केल्या होत्या. उजव्या बाहीत होती ती म्हणत होती, तो हा नव्हे. डावीतली म्हणत होती, हाच तो, जास्तीची बोटं मागल्या जन्माचं पाप. दोन्ही शास्त्राला धरून. दोन्ही बिनतोड. तपकिरीची डबी काढायला त्यांनी हात कमरेकडे नेला.

“जवळून बघावं लागेल,” ते म्हणाले. नुसता वेळ काढायला.

दुर्लभचे हात सोडले. तर्कभूषण वाकले. आणि त्या इवल्या, गुलाबी बोटांनी त्यांची तर्जनी धरली.

घट्ट. बाळ धरतं तशी. ओढली तरी सुटेना. तर्कभूषणांना मूलबाळ नव्हतं. त्यांचं बोट असं कुणी कधी धरलं नव्हतं. त्या पकडीत काही मागणं नव्हतं, राग नव्हता. नुसती ती आली होती, कुणी बोलावलं म्हणून, आणि आता त्यांना कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. तर्कभूषण आणखी वाकले. त्यांना बोटांचा वास आला. तुपाचा नाही. तुपाखाली दुसरा, ओला, आंबूस. शेळीच्या तोंडाचा.

“दहा पानं कमी होती,” ते म्हणाले.

“काय?” साहेब म्हणाला.

“पळसाची. तीनशे साठ हवी होती, तीनशे पन्नासच होती. बोटांची दहा शेळीनं खाल्ली. मी पाहिलं, आणि पूर्ण म्हटलं. म्हणून हा सगळा मेला आणि बोटं मेलीच नाहीत. मग मी सगळ्यालाच पुन्हा जन्माला घातलं. जी मेली नव्हती तीही पुन्हा जन्मली. हा दुर्लभच आहे. चुकलो मी.”

 बाहेर चिंचेखाली शेळी एकदा ओरडली. आवाज अगदी तान्ह्या मुलाचा.

तर्कभूषणांच्या तर्जनीवरची पकड सैल झाली. टप्, असा हलका आवाज झाला. मग आणखी एक. दुर्लभच्या हातांतून काहीतरी फरशीवर गळत होतं. दहाव्यांदा टप् वाजलं, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना पाच-पाच बोटं होती आणि पायांशी पळसाची दहा पानं पडली होती. हिरवी, ओलसर. प्रत्येकाच्या कडेला दातांची नक्षी.

पडद्याआडून हुंदका आला. मग बऱ्याच दिवसांत कुणी न ऐकलेला निस्तारिणीचा आवाज, “ठाकूर, आता तरी लग्नाचा मुहूर्त काढा. मला मासा खायचाय!”

एवढं ऐकल्यावर लोकांना हसायला परवानगी मिळाल्यासारखं झालं. चपराशी रडत होता. रासमोहन चिंचेकडे पळाला. शेळीचं तोंड उघडून आत बघत बसला.

साहेब मात्र पांढरा पडला होता. पानं नव्हे, तो तर्कभूषणांचं तोंड बघत होता.

“पंडित चुकतो?”

“चुकतो, साहेब.”

“पण मी लिहिलं...” साहेब खिडकीकडे धावला. नदीच्या वळणावर त्याच्या नावेचं शीड दिसेनासं होत होतं. त्यानं तिथूनच हाका मारल्या, हातरुमाल हलवला. नावाड्याला वाटलं निरोप देतोय; त्यानंही फडकं हलवलं. पुढल्या जहाजानं साहेबानं दुरुस्तीचं पत्र पाठवलं म्हणतात. ते पोचलं असेल, असं काही नंतर दिसून आलं नाही.

*

दुर्लभ आणि निस्तारिणीचं लग्न तर्कभूषणांनीच लावलं. दक्षिणा घेतली नाही. कोर्टातली जागा महिन्याभरात गेली. नवा पंडित आला, तरणाबांड, काशीहून शिकून आलेला. तो तपकीर न ओढतासुद्धा उत्तर देतो म्हणून साहेब खूश होता. तर्कभूषण घरी चार विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

कोर्टाच्या फरशीवरची ती दहा पानं कुणी उचलायला तयार नव्हतं. शेवटी तर्कभूषणांनीच उपरण्यात बांधून आणली आणि पोथ्यांच्या फडताळात ठेवली. श्रावण गेला, पौष गेला. फाल्गुन आला, बाहेरच्या पळसांची पानं झडून गेली. फडताळातली दहा अजून हिरवी होती.

एका दुपारी हैमवती फडताळ झाडत होती. तिनं फडकं बाजूला ठेवलं.

“अहो, इकडे या जरा. ही गरम लागतायत.”

तर्कभूषण आले. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. खरंच गरम होतं. ते बघत असताना पानाची कड हलली. हळूहळू वळली, त्यांच्या तर्जनीभोवती आली आणि मिटली.

हैमवती जवळ येऊन वाकली.

“हे काय आहे?” हैमवतीनं विचारलं.

तपकिरीची डबी कमरेलाच होती. तर्कभूषणांचा दुसरा हात तिच्याकडे गेला, पण डबी उघडली नाही. त्यांनी बोट सोडवायचा प्रयत्नही केला नाही.

“माहीत नाही,” ते म्हणाले.